टर्बोखालचं ऑइल: एका सहा सिलिंडर डिझेल इंजिनाच्या गळतीच्या नोंदी

४ नोव्हेंबर

गाडी आज आत घेतली. सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, ४ लाख किलोमीटरच्या पुढे चाललेलं. टर्बो म्हणजे एका शाफ्टवरची दोन चाकं: टर्बाइन इंजिनाच्या धुराने फिरतं आणि कॉम्प्रेसर हवा दाबून इंजिनात ढकलतं. तक्रार एवढीच की टर्बो ऑइल मारतोय. टर्बोच्या खाली थेंब पडतात, सकाळी स्टार्ट केल्यावर निळसर धूर येतो आणि आठवड्याला जवळपास ३ लिटर ऑइल वरून टाकावं लागतं.

हा टर्बो नवीन आहे. आठ महिन्यांपूर्वी याच तक्रारीवर दुसरीकडे बदलला होता. पहिले काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच सुरू झालं. म्हणजे जुना टर्बो खरंच गेला होता का, हाच पहिला प्रश्न. काढून टाकलेला भाग आता पाहायला मिळणार नाही, पण नवा बसवूनही तीच गळती आली तर कारण टर्बोच्या बाहेर असण्याची शक्यता मी आधी धरतो.

आज पाना हातात घेतला नाही, चालकदादांना फक्त विचारत बसलो. धूर कधी जास्त? आयडलवर बराच वेळ उभी राहिली की, आणि तिथून निघताना. लोडवर चढाला? तिथे तुलनेने कमी. इंजिन बंद करताना थोडा वेळ आयडलवर ठेवता का? कधी ठेवतो, कधी नाही. माल भरायच्या रांगेत इंजिन दोन-दोन तास चालू राहतं. हे सगळं लिहून ठेवलं, कारण टर्बोच्या गळतीत इंजिन कोणत्या परिस्थितीत ऑइल सोडतं यावर अर्धं निदान होतं.

डिपस्टिक पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर. "कमी पडायला नको म्हणून एक लिटर जास्तच ठेवतो," दादा म्हणाले. काळजीपोटीच करतात, पण क्रँकशाफ्ट त्या ऑइलला घुसळून फेस करतो, ब्रीदरमधून (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून) जास्त धुकं बाहेर पडतं आणि टर्बोहून परत येणाऱ्या ऑइलला खाली जागा कमी पडते. जास्तीचं ऑइल काढून पातळी खुणेवर आणली.

५ नोव्हेंबर

इंजिन धुतलं. या कामाचा लोकांना कंटाळा येतो, पण न धुता गळती शोधणं म्हणजे अंधारात चाचपडणं आहे. पंख्याचा वारा आणि गाडीचा वेग ऑइलला मागे आणि खाली ढकलतो. ओलं दिसतं एका ठिकाणी, सुटलेलं असतं दोन हात वर आणि पुढे.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. टर्बाइनचं हाउसिंग, म्हणजे कवच, ओतीव लोखंडाचं असतं, तापलेल्यावर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. हवेच्या नळीचं तोंड, अल्टरनेटर आणि वायरिंगचे कनेक्टर प्लास्टिकने बांधले. डीग्रीझर मारून, ब्रशने घासून, हवेच्या झोताने कोरडं केलं. मग टर्बोचा मधला भाग, दोन्ही बाजूंचे जोड, ऑइल येण्याचा आणि जाण्याचा पाइप, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या भागाच्या) वरची बाजू, सगळीकडे साधी पांढरी पावडर भुरभुरली. ऑइलमध्ये यूव्ही डायही (यूव्ही टॉर्चखाली चमकणारा रंग) टाकला. डिझेलचं ऑइल काळं असल्याने डाय सहज चमकत नाही, पावडरवर मात्र पहिला थेंबही काळी रेघ ओढतो.

वीस मिनिटं आयडलवर चालवलं. पहिली रेघ टर्बोवर उमटलीच नाही. ती उमटली रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्याखाली. तिथून ऑइल हेडच्या कडेने उतरतं, मॅनिफोल्डच्या हीट शील्डवर येतं आणि शील्डच्या वाकलेल्या टोकावरून बरोबर टर्बोच्या कॉम्प्रेसर हाउसिंगवर टपकतं. खालून पाहणाऱ्याला टर्बोच गळतोय असं वाटणारच.

मला वाटलं, सापडलं.

६ नोव्हेंबर

रॉकर कव्हरचं पॅकिंग बदललं. जुनं कडक होऊन मागच्या कोपऱ्यात बाहेर ढकललेलं दिसलं. बाहेर ढकललेलं, हे तेव्हा डोळ्यांना दिसलं पण डोक्यात शिरलं नाही. त्याचा अर्थ दोन दिवसांनी लागला, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

दुपारी माल भरलेली गाडी ४० किलोमीटर फिरवली. परत आल्यावर रॉकर कव्हरचा कोपरा कोरडा. पण टर्बोच्या मधल्या हाउसिंगला कॉम्प्रेसर हाउसिंग जिथे जोडतं, त्या कडेला पावडर ओली झाली होती. शिवाय इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या पाइपच्या रबरी जोडाखाली एक थेंब लोंबत होता. म्हणजे गळत्या दोन होत्या. वरची बाहेरची होती, तिच्याखाली टर्बोच्या आतून येणारी लपली होती.

७ नोव्हेंबर

आज टर्बो इंजिनावरच ठेवून दोन्ही बाजू उघडल्या. सगळं पाहणं इंजिन बंद ठेवून. हवेची नळी काढलेल्या टर्बोसमोर चालू इंजिनात हात किंवा फडकं नेणं किती धोक्याचं आहे हे हाताखालच्या पोराला आधी सांगितलं. ते चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेऊ शकतं.

चार ठिकाणी बोट फिरवायचं असतं, आणि त्या चार बोटांवर पुढचं सगळं ठरतं.

कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, जिथे एअर फिल्टरची हवा शिरते, तिथे जवळपास कोरडं. या इंजिनाचा ब्रीदर हवेच्या नळीत जोडलेला नाही, बाहेर मोकळा सोडलेला आहे, म्हणून तिथे ऑइल नसणंच बरोबर. ज्या इंजिनात ब्रीदर या नळीत येतो तिथे पातळ थर सापडतोच आणि त्यावरून टर्बोला दोष देता येत नाही.

कॉम्प्रेसरच्या बाहेर पडण्याच्या बाजूला ओलं. बोट काळं झालं आणि थेंब ओघळला. आत जाताना कोरडी हवा, बाहेर येताना ऑइल. म्हणजे ऑइल या दोहोंच्या मध्ये, टर्बोच्या मधल्या भागातून शिरतंय.

टर्बाइनच्या आत येण्याच्या बाजूला, मॅनिफोल्डच्या जोडाशी, कोरडी राखाडी काजळी. इथे ओलं सापडलं असतं तर ऑइल सिलिंडरमधून येतंय, व्हॉल्व्ह गाइड किंवा पिस्टनच्या रिंग पाहायला हव्यात असं म्हटलं असतं. मग टर्बो बदलून काही झालं नसतं.

टर्बाइनच्या बाहेर पडण्याच्या बाजूला, सायलेन्सरच्या पाइपात, ओला चमकणारा थर आणि त्याखाली जळून घट्ट झालेला कार्बन.

फक्त कॉम्प्रेसरकडून ऑइल येत असतं तर माझा पहिला संशय तुंबलेल्या एअर फिल्टरवर गेला असता. इथे मात्र मधल्या भागाच्या दोन्ही टोकांनी ऑइल बाहेर येतंय. मधली खोली भरून दोन्हीकडून ओसंडते तेव्हा असं होतं.

मग शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा. डायल गेज लावून शाफ्ट पुढे-मागे ओढला: ०.०६ मिलिमीटर, मॅन्युअलच्या मर्यादेत. वर-खाली हललेला हाताला जाणवतो. फ्लोटिंग बुशच्या (ऑइलवर तरंगणाऱ्या बेअरिंगच्या) टर्बोत तो जाणवायचाच, कारण बुशच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे ऑइलचा थर असतो आणि आत्ता तो थर नाही. बघायचं ते एवढंच, की चाक एका बाजूला दाबून फिरवलं तर हाउसिंगला घासतं का. दोन्ही चाकं घासली नाहीत. पात्यांची टोकं शाबूत, कुठे चकाकी नाही. टर्बो यांत्रिकदृष्ट्या चांगला आहे. तो उतरवून फेकायचा नाही, हे आज पक्कं झालं.

इथे एक गोष्ट सविस्तर लिहितो, कारण सगळा गैरसमज तिथून सुरू होतो. "टर्बोचं सील गेलं" असं सर्रास म्हणतात, पण या प्रकारच्या टर्बोत क्रँकशाफ्टसारखं रबरी ऑइल सील नसतं. एवढ्या वेगाला आणि उष्णतेला रबर टिकणार नाही. असतात त्या पिस्टन रिंगसारख्या बारीक लोखंडी रिंगा, हाउसिंगमध्ये ताणून बसलेल्या, शाफ्टच्या खाचेत शिरलेल्या. त्यांचं मुख्य काम हवेला आणि गरम वायूला मधल्या खोलीत शिरण्यापासून रोखणं. ऑइल आत राहतं ते दोन गोष्टींमुळे: चाकांच्या बाजूचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो, आणि आतलं ऑइल साचायच्या आधी खाली निघून जातं. यातली एक जरी बिघडली तरी चांगल्यातला चांगला टर्बो गळतो. लांबलेल्या आयडलवर चाकांमागचा दाब नगण्य असतो, म्हणून दादांना धूर रांगेत दिसतो, चढावर नाही.

आता शोधायच्या जागा तीन: हवा येण्याची वाट, क्रँककेसचा (क्रँकशाफ्टच्या खोलीचा) श्वास आणि ऑइल परतण्याची वाट.

८ नोव्हेंबर

एअर फिल्टर. जागेवर उभ्या गाडीला रेस देऊन टर्बो इंजिनाची हवेची खरी ओढ कळत नाही, पूर्ण लोड लागतो. फिल्टरनंतरच्या नळीला गेज जोडून त्याची नळी केबिनमध्ये आणली आणि भरलेली गाडी चढाला नेली. पूर्ण अॅक्सिलरेटरवर १५ इंच पाणी. डिझेल इंजिनांना साधारण २५ इंच, म्हणजे ६३५ मिलिमीटर पाण्यापर्यंत चालतं. फिल्टर निर्दोष सुटला.

क्रँककेसचा दाब. पारदर्शक नळी फळीवर यू आकारात बांधली, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरलं, मागे मोजपट्टी चिकटवली. एक टोक डिपस्टिकच्या नळीला, दुसरं मोकळं. साधं उपकरण आहे, पण एवढ्या कमी दाबाला दाबाचं नेहमीचं गेज काटाही हलवत नाही. आयडलवरच दोन बाजूंच्या पाण्यात ९० मिलिमीटरचा फरक. रेस वाढवली तसं पाणी चढत गेलं, पाणी बाहेर उडेल म्हणून थांबावं लागलं. मॅन्युअलच्या आकड्याच्या कितीतरी वर.

दाब जास्त निघाला की लगेच पिस्टनच्या रिंग गेल्या असं ठरवायचं नाही. सिलिंडरमधून येणारा वायू वाढलाय, की नेहमीएवढाच वायू बाहेर पडत नाहीये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरीही एक शक्यता असते: टर्बोच्या झिजलेल्या रिंगांमधून बूस्टची, म्हणजे कॉम्प्रेसरने दाबलेली, हवा परतीच्या पाइपाने क्रँककेसमध्ये उतरते. या टर्बोचा प्ले पाहिल्यावर ती कमी वाटत होती.

म्हणून आधी ब्रीदर. त्याची नळी इंजिनाच्या कडेने खाली चेसिसपर्यंत जाते. वाकून खालचं टोक पाहिलं तेव्हा तोंडाच्या जागी ऑइल आणि रस्त्याची धूळ मिळून बनलेली काळी लगदी होती. करंगळीचं टोकही आत जात नव्हतं. नळी काढून डिझेलने धुतली, वरच्या डब्यातली जाळी भिजत ठेवून साफ केली. परत जोडून मोजलं: आयडलवर १५ मिलिमीटर, रेसवरही मर्यादेच्या आत. पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत.

आणि इथे ६ तारखेचं ते पॅकिंग आठवलं. ते कडक होऊन आखडलं नव्हतं, आतल्या दाबाने बाहेर ढकललं गेलं होतं. ब्रीदर तसाच राहिला असता तर मी घातलेलं नवं पॅकिंगही काही महिन्यांत त्याच कोपऱ्यातून बाहेर आलं असतं. वरची आणि आतली गळती वेगळ्या वाटत होत्या, दोघींना दाब एकच देत होता.

संध्याकाळी अर्धा तास आयडल. टर्बोची कड पुन्हा ओली, पण आधीपेक्षा स्पष्ट कमी. काहीतरी अजून बाकी आहे.

९ नोव्हेंबर

परतीचा पाइप काढला. हे काम पहिल्या दिवशीही करता आलं असतं. पण खालचे बोल्ट अवघड जागी आहेत आणि आधीच्या तपासण्या झाल्याशिवाय ते खोलणं मला पटत नव्हतं.

टर्बोकडून येणाऱ्या फ्लँजचे (जोडाच्या चपट्या कडेचे) दोन बोल्ट सोडले, पाइप खाली घेतला आणि टॉर्च आत मारली. पॅकिंग होतंच, पण त्याच्या दोन्ही बाजूंना काळं सिलिकॉन भरपूर लावलेलं. फ्लँज आवळल्यावर ते आत सरकून कडेने गोल कडं झालेलं. त्या कड्यावरून सुटलेली एक जीभ पाइपात लोंबत होती, वर जळलेल्या ऑइलचा खरखरीत थर चढलेला. बोटाने उचलली की वर जायची, सोडली की परत भोकावर येऊन बसायची. पाइपाचं भोक २२ मिलिमीटरचं आहे. ड्रिलच्या दांड्या एकेक घालून पाहिल्या: ९ मिलिमीटरची जेमतेम गेली, १० ची अडकली.

टर्बोत ऑइल येतं ते पंपाच्या दाबाने, म्हणून येणारा पाइप बारीक चालतो. जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने, आणि तेही शाफ्टने घुसळून फेसाळलेलं, हवा भरलेलं, येतानापेक्षा जास्त जागा व्यापणारं. म्हणून परतीचा पाइप जाड असतो. त्या जाड पाइपाचं भोक सिलिकॉनने निम्म्याहून लहान केलं, तर ऑइल मधल्या खोलीत चढून रिंगांपर्यंत येणारच.

त्याच पाइपाच्या मधला रबरी होजही पाहिला. बाहेरून ठीक. कापून उघडला तर आतला थर फुगून मऊ झालेला, नखाने दाबला की खळगा राहायचा. रेडिएटरच्या पाण्यासाठीचा होज तिथे लावला होता. त्या होजचं रबर पाणी आणि उष्णता सोसतं, ऑइलमध्ये मात्र फुगतं. महिनोन्महिने तो आतून हळूहळू बंद होत होता. आधी काही आठवडे बरं चाललं आणि मग तक्रार परतली, त्याचा उलगडा इथे झाला.

तिसरी गोष्ट, पाइपाचा उतार. आधाराची क्लिप गायब होती, त्यामुळे मधला भाग खाली बसून जवळजवळ आडवा झाला होता. ओळंबा सोडून मोजलं. परतीचा पाइप उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कलू नये असं टर्बो बनवणारे सांगतात, इथे मधल्या तुकड्यात ६० च्या पुढे होता.

जुनं काम करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. गळू नये म्हणूनच त्याने सिलिकॉन लावलं असणार. पण टर्बोच्या ऑइलच्या दोन्ही फ्लँजवर सिलिकॉन लावायचंच नाही. येण्याच्या बाजूला सुटलेला तुकडा बेअरिंगचं ऑइल तोडतो, जाण्याच्या बाजूला असं होतं.

१० नोव्हेंबर

जोडणी. येणारा पाइप काढून आत तार फिरवली, कार्बनचा पातळ थर निघाला. बँजो बोल्टचे (ऑइल ज्यातून जातं त्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवे घातले. जुन्यांवर यूव्ही टॉर्चखाली पिवळं कडं दिसत होतं, म्हणजे तिथूनही किंचित पाझर होता. परतीला नवा पाइप, ऑइलसाठीचा होज, कोरडं पॅकिंग, नवी आधाराची क्लिप. उतार परत ओळंब्याने पाहिला, २० अंशांच्या आत.

इंटरकूलर उतरवून उभा केला. सुमारे अर्धा लिटर ऑइल बाहेर आलं. हे न काढता गाडी लोडवर नेली तर ते एकदम सिलिंडरमध्ये ओढलं जाऊ शकतं. इंजिन स्वतःच्या ऑइलवर धावू लागलं की चावी बंद केली तरी थांबत नाही, हवा बंद करावी लागते. आतून धुऊन, पूर्ण वाळवून बसवला.

स्टार्ट करण्याआधी टर्बोच्या येणाऱ्या भोकात स्वच्छ ऑइल ओतलं, चाक हाताने फिरवलं, मग डिझेल तोडून फक्त स्टार्टरने, मध्ये विश्रांती देत, ऑइलचा काटा उठेपर्यंत इंजिन फिरवलं. कोरड्या बेअरिंगवर पहिले काही सेकंद गेले तरी चांगला टर्बो खराब होतो.

स्टार्ट केल्यावर निळा धूर भरपूर आला आणि चालकदादांचा चेहरा उतरला. सायलेन्सरमध्ये महिन्यांचं ऑइल साठलंय, ते जळून जायला काही तास लोडवर चालवावं लागेल हे त्यांना समजावलं. हा धूर पाहून टर्बो परत उतरवल्याची उदाहरणं मला माहीत आहेत.

११ नोव्हेंबर

हवेच्या जोडांना साबणाचं पाणी लावून दाबाने तपासलं. एक क्लिप ढिली होती, आवळली. लोडवर ८० किलोमीटर. शेवटच्या १० किलोमीटरमध्ये धूर नाही. पावडर नव्याने मारली आहे. क्रँककेसच्या दाबाची पाण्याची यू नळी परत जोडून पाहिली, आयडलवर आकडा तसाच १५ मिलिमीटर.

१८ नोव्हेंबर

१,१०० किलोमीटरनंतर गाडी दाखवायला आणली. कॉम्प्रेसर हाउसिंगची कड पांढरी. रॉकर कव्हरचा मागचा कोपरा कोरडा. बँजोच्या खाली पावडर किंचित राखाडी, बोट लावलं तर धूळ, ऑइल नाही. वरून ऑइल टाकलेलं नाही. डिपस्टिकवर उतार जेमतेम नखाएवढा. परतीच्या होजच्या क्लिपा एकेक घर आवळल्या, नवीन रबर पहिल्या उष्णतेत थोडं बसतं.

रांगेत आयडलवर उभं राहायची वेळ आली तर काय करता, विचारलं. आता दहा मिनिटांपेक्षा जास्त वाटलं तर बंद करतात. आणि चढ चढून आल्यावर तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवून मगच बंद करतात, म्हणजे तापलेल्या शाफ्टवर उभं राहिलेलं ऑइल जळत नाही.

९ डिसेंबर

जवळपास ४,००० किलोमीटर. कॉम्प्रेसरच्या पुढचा पाइप काढून आत बोट फिरवलं: पुसट चमक, थेंब नाही. सायलेन्सरच्या पाइपात कोरडी काजळी. महिन्याभरात वरून टाकलेलं ऑइल एकूण १ लिटर. ब्रीदरच्या नळीचं टोक पाहिलं, मोकळं आहे. यापुढे दर ऑइल बदलाला ते पाहायचं, असं गाडीच्या वहीत लाल पेनाने लिहिलं.